पिकअपच्या काचांना फिल्म लावण्यापूर्वी : इंदूर परिसरातील वाहनमालकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांवेर रोडचे कारखाने, सियागंजची घाऊक दुकाने, चोइथराम मंडी आणि पीथमपूर यांच्यामध्ये दिवसभर धावणाऱ्या पिकअपच्या मालकांना उन्हाळा जवळ आला की काचांवर फिल्म लावावी का, कोणती लावावी आणि लावली तर चालान होईल का, हे प्रश्न पडू लागतात. पुढील उत्तरे बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इंट्रा यांसारख्या मालवाहू गाड्या चालवणाऱ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. बोलेरो कॅम्पर, इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या दुहेरी केबिनच्या गाड्यांसाठी जिथे उत्तर बदलते, तिथे तसा उल्लेख केला आहे.

फिल्म जितकी काळी, तितकी केबिन थंड, हे खरे आहे का?

नाही. बाजारातील बहुतेक चुकीची खरेदी याच समजुतीतून होते. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांची असते आणि हे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. उरलेल्यापैकी बहुतांश ऊर्जा दृश्य प्रकाशाची असते, तर अतिनील किरणांचा वाटा अगदी थोडा असतो. फिल्मचा काळेपणा केवळ दृश्य प्रकाशाला अडवतो, त्यामुळे स्वस्त रंगीत फिल्म डोळ्यांसमोरचा झगमगाट कमी करते, पण निम्म्या उष्णतेला जवळपास मोकळी वाट देते. याउलट चांगल्या प्रतीची सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक दिसूनही अवरक्त किरणांचा मोठा भाग रोखू शकते. म्हणून फिल्म निवडताना ती किती काळी आहे हे विचारण्याऐवजी ती एकूण किती सौर ऊर्जा अडवते, हे विचारावे. हा आकडा तांत्रिक पत्रकावर टीएसईआर या नावाने दिलेला असतो.

कायदा नेमके काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निर्णय दिला. त्यात न्यायालयाने असा अर्थ लावला की ही पारगम्यता, म्हणजे प्रकाश आत सोडण्याचे प्रमाण, काच तयार होतानाच तिच्यात असली पाहिजे आणि नंतर काचेवर काळी फिल्म किंवा अन्य साहित्य चिकटवता येणार नाही, मग तिची पारगम्यता कितीही असो. ही बंदी ४ मे २०१२ पासून देशभर लागू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने पोलिसांना पुन्हा बजावले की नुसते चालान करून थांबू नये, फिल्म काढूनही टाकावी. अपवाद ठेवला तो झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या वाहनांपुरता, आणि तोही समितीच्या परवानगीने.

त्यानंतर नियमाचा मजकूर बदलला. २०२० च्या दुरुस्तीने नियम १०० मध्ये ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ साहित्याचा समावेश झाला आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२१ पासून अमलात आली. आयएस २५५३ या भारतीय मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत आतील बाजूस प्लास्टिकचा थर असलेली काचही सेफ्टी ग्लेझिंगमध्ये मोडते. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा निकाल दिला की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी, मानकात बसणारी फिल्म लावल्याबद्दल वाहनमालकाला दंड करता येणार नाही.

मग इंदुरात पारदर्शक फिल्म लावणे निर्धास्त आहे का?

पूर्णपणे निर्धास्त आहे असे म्हणता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाचा निकाल मध्य प्रदेशातील अधिकाऱ्यांवर थेट बंधनकारक नसतो. तो युक्तिवादात आधार म्हणून दाखवता येतो, इतकेच. शिवाय २०१२ च्या निर्णयाचा हवाला देऊन रस्त्यावर हटकणारा अधिकारी भेटू शकतो आणि भर उन्हात, माल भरलेल्या गाडीत बसून कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा करणे कोणत्याही चालकाला परवडणारे नाही. आमचा सल्ला असा की फिल्म लावायचीच असेल, तर काच बाहेरून मूळच्या काचेसारखीच दिसेल इतकी पारदर्शक घ्यावी आणि तिचे पारगम्यतेचे प्रमाणपत्र, कंपनीचे वॉरंटी कार्ड आणि बिल गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे. ज्या फिल्मकडे लांबूनही लक्ष जाते, ती कागदोपत्री कितीही शुद्ध असली तरी मालवाहू गाडीवर नको.

पाकिटावर ‘७० टक्के’ लिहिले आहे, म्हणजे पुढच्या काचेवर ती चालेल ना?

चालणार नाही. नियमातील ७० टक्के हे काच आणि फिल्म मिळून मोजलेले असतात, तर पाकिटावरचा आकडा बहुधा एकट्या फिल्मचा असतो. मूळ काचही सगळा प्रकाश आत सोडत नाही. गाडीच्या हिरवट छटेच्या काचेतून समजा ८० टक्के प्रकाश येत असेल, तर तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावल्यावर दोन्ही आकड्यांचा गुणाकार होऊन ५६ टक्केच प्रकाश उरतो. बाजूच्या काचेवर हे चालू शकेल, पुढच्या काचेवर मात्र ते उघड उल्लंघन आहे. तीच काच आणि ९० टक्क्यांची फिल्म असेल, तर ७२ टक्के मिळतात. पण मूळ काच ७६ टक्क्यांची निघाली, तर त्याच ९० टक्क्यांच्या फिल्मने आकडा ६८.४ वर येतो आणि मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे दुकानदाराला प्रथम कोऱ्या काचेची पारगम्यता मीटरवर मोजून दाखवायला सांगावे आणि फिल्म ठरवण्याचे काम त्यानंतरच करावे. ज्याच्याकडे असा मीटर नाही, त्याच्याकडून पुढच्या काचेला फिल्म लावून घेऊ नये.

एकेरी केबिनच्या पिकअपमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. चालकाच्या पाठीमागची छोटी काच ही नियमाच्या दृष्टीने मागचीच काच असते. तिच्यामागे हौदा, ताडपत्री आणि मालाची थप्पी असली आणि तिच्यातून प्रत्यक्षात काहीच दिसत नसले, तरी तिला ७० टक्क्यांचीच मर्यादा लागू होते.

फिल्मचे प्रकार कोणते आणि पिकअपसाठी कोणता योग्य?

रंगीत फिल्म सर्वांत स्वस्त असते. ती उष्णता कमी रोखते आणि तिच्यातील रंगद्रव्य उन्हाने विटल्यामुळे काही वर्षांत ती जांभळट होते. जुन्या गाड्यांच्या काचा जांभळ्या दिसतात त्या याच कारणाने. धातूचा सूक्ष्म थर असलेली फिल्म उष्णता परावर्तित करते आणि टिकतेही, परंतु ती आरशासारखी चमकते आणि रेडिओ लहरींना अडथळा आणू शकते. कार्बन फिल्म रंग टिकवते, लहरींना अडवत नाही आणि किमतीने मध्यम असते, मात्र ती मुख्यतः गडद छटांत मिळते आणि तिथेच तिचा कायद्याशी संघर्ष होतो. सिरॅमिक फिल्ममध्ये धातूऐवजी सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असतात. ते दृश्य प्रकाश फारसा न अडवता अवरक्त किरण रोखतात. ती सर्वांत महाग असते.

आपल्याकडचा कायदा लक्षात घेता पारदर्शक सिरॅमिक फिल्म किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय आम्हाला व्यवहार्य वाटतात. मधले पर्याय पैसे वाचवल्याचे समाधान तेवढे देतात. एकेरी केबिनला काचा कमी असल्याने फिल्मही कमी लागते, त्यामुळे मोटारीसाठी ऐकलेल्या भावावरून अंदाज बांधू नये. आपल्या गाडीच्या काचांचे माप घेऊन भाव मागावा.

दुकानदार दिव्यासमोर फिल्मचा तुकडा धरून त्यामागे हात धरायला सांगतो आणि फिल्म ‘९७ टक्के उष्णता’ रोखते असे म्हणतो. यावर विश्वास ठेवावा का?

आकडा खोटा असेलच असे नाही, पण तो बहुधा उष्णतेचा नसतो. असे मोठे आकडे अवरक्त किरणांच्या एखाद्या ठरावीक तरंगलांबीवर मोजलेले असतात. संपूर्ण सौर ऊर्जेचा विचार केला, तर तीच फिल्म कितीतरी कमी टक्के अडवते. पारदर्शक फिल्मचा टीएसईआर गडद फिल्मपेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे, कारण ती दृश्य प्रकाशाला आत येऊ देते आणि त्या प्रकाशाचीही शेवटी उष्णताच होते. म्हणून ७० टक्क्यांच्या पारदर्शक फिल्मबद्दल कोणी ‘एकूण उष्णतेत ९० टक्के घट’ असा दावा करत असेल, तर तो फेटाळून लावावा.

दिव्याच्या प्रयोगातही एक गफलत आहे. तो दिवा मुख्यतः अवरक्त किरण सोडतो, म्हणजे परीक्षा फिल्मला सोप्या जाणाऱ्या विषयातच घेतली जाते. दुसरे असे की सिरॅमिक फिल्म उष्णता मुख्यतः शोषून घेते, परत फेकत नाही. हात काही सेकंदच धरला तर गारवा जाणवतो. पाच मिनिटे थांबून फिल्मचा तुकडा स्वतः किती तापला, हे पाहिले तर खरी कल्पना येते. गाडी धावत असताना बाहेरचा वारा काचेतील ही उष्णता वाहून नेतो, पण तीच गाडी मंडीत तासभर उन्हात उभी राहिली, की तापलेली काच ती उष्णता केबिनमध्येही सोडू लागते. ज्या पिकअपचा अर्धा दिवस माल चढवण्या-उतरवण्याच्या प्रतीक्षेत जातो, तिला उभी असताना पुढच्या काचेमागे लावायचा चमकदार पडदा महागड्या फिल्मपेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो.

गाडीला एसी नाही. तरीही फिल्म लावावी का?

दाराच्या काचांना लावू नये. एसी नसलेल्या गाडीत दिवसभर काचा खाली असतात आणि दारात गुंडाळून बसलेली फिल्म कोणतेही ऊन अडवत नाही. उलट वरखाली होताना माळव्यातील काळ्या मातीची धूळ रबरी पट्ट्यांमध्ये साठून तिच्यावर ओरखडे पाडते. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी अनिवार्य करणारा नियम २०२५ मध्ये अमलात आला आहे, पण तो साडेतीन टनांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांसाठी आहे. आपल्या बहुसंख्य पिकअप त्याखालच्या वर्गात येतात, त्यामुळे बिनाएसीची पिकअप अजून बराच काळ रस्त्यावर दिसेल. अशा गाडीत तोच पैसा छताच्या आतील उष्णतारोधक अस्तरावर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

छतावर इतका भर का?

इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे मे आणि जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जुलैच्या सुरुवातीला तर तो थेट माथ्यावर येतो. त्या वेळी उभ्या काचांवर ऊन तिरपे आणि कमी पडते. सगळा मारा छताच्या पत्र्यावर होतो आणि पिकअपच्या छताला बहुधा पातळ अस्तरच असते. काचेवर कितीही उत्तम फिल्म लावली, तरी या उष्णतेवर तिचा काहीही परिणाम होत नाही. फिल्मचा खरा उपयोग सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर, सूर्य कललेला असताना होतो.

सगळ्या काचांना लावणे परवडत नसेल, तर कोणती आधी?

हे गाडीच्या नेहमीच्या मार्गावर ठरवावे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. आग्रा-मुंबई मार्गाने दुपारी सेंधव्याकडे निघालेली गाडी नैर्ऋत्येला तोंड करून चालते, म्हणजे पश्चिमेचे ऊन समोरून आणि चालकाच्या उजव्या अंगावर येते. तीच गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याहून परत येताना ईशान्येला तोंड करते आणि पूर्वेचे ऊन पुन्हा समोरून व उजवीकडूनच येते. धार किंवा झाबुआकडे संध्याकाळी जाणाऱ्यांच्या तर थेट डोळ्यांत सूर्य असतो. त्यामुळे एसी असलेल्या मालवाहू पिकअपमध्ये पहिला क्रम पुढच्या काचेचा लावावा, कारण ती सर्वांत मोठी असते. दुसरा चालकाच्या दाराचा आणि तिसरा डाव्या दाराचा. एकेरी केबिनमध्ये मागच्या काचेवर खर्च करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. दुहेरी केबिनच्या गाडीत मागच्या बाकावर कुटुंब बसत असेल, तर मागच्या दारांच्या काचा वगळू नयेत.

बाजूच्या काचेला ५० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, मग तिथे गडद का घेऊ नये?

पिकअपमध्ये आतला आरसा माल भरल्यावर निरुपयोगी होतो आणि चालकाला मागचे जे काही दिसते, ते दोन बाहेरच्या आरशांतूनच. हे आरसे तो दाराच्या काचेतून पाहतो. म्हणजे बाजूच्या काचेचा प्रत्येक कमी केलेला टक्का मागच्या दृश्यातूनही वजा होतो. मोटारीच्या मालकाला हे सहसा जाणवत नाही, पण पहाटेच्या अंधारात भाजी घेऊन चोइथराम मंडीत गाडी मागे घेणाऱ्याला, मारोठिया बाजारच्या अरुंद गल्लीत हातगाड्यांमधून वाट काढणाऱ्याला किंवा खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात रात्री वळण घेणाऱ्याला ते लगेच कळते. नियमाने मुभा दिली आहे म्हणून ती संपूर्ण वापरलीच पाहिजे असे नाही. एकत्रित पारगम्यता दाराच्या काचेवरही ६५ टक्क्यांच्या वर राहील, अशीच फिल्म घ्यावी.

फास्टॅग आणि जीपीएसला अडचण येते का?

धातूचा थर असलेल्या फिल्ममुळे येऊ शकते. फास्टॅग रेडिओ लहरींवर चालतो आणि पुढच्या काचेवर आतून चिकटवलेला असतो. त्याच्या आणि टोल नाक्यावरील यंत्राच्या मध्ये धातू आला, तर टॅग वाचला जात नाही. फास्टॅगद्वारे टोल भरला गेला नाही आणि रोखीने द्यावा लागला, की जादा रक्कम मोजावी लागते. सिरॅमिक आणि कार्बन फिल्मला ही अडचण नाही. तरीही फिल्म लावण्यापूर्वी टॅगभोवतीची जागा मोकळी सोडायला सांगावे. एकदा काढलेला टॅग परत नीट चिकटत नाही, म्हणून ‘काढून पुन्हा लावून देतो’ या आश्वासनाला होकार देऊ नये.

चालकाच्या आरोग्याला काही लाभ होतो का?

होतो, आणि फिल्मच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. पुढची काच लॅमिनेटेड असते आणि तिच्या मधल्या प्लास्टिकच्या थरामुळे ती बहुतेक सर्व अतिनील किरण अडवते. दाराची काच टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, पण असा मधला थर नसलेली असते. ती त्वचेत खोलवर जाणारे अतिनील-ए किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडते. २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या अमेरिकी चालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेली होती. आपल्याकडे हा त्रास उजव्या गालाला आणि उजव्या हाताला होतो. चांगल्या प्रतीची संपूर्ण पारदर्शक फिल्मसुद्धा सुमारे ९९ टक्के अतिनील किरण अडवते, त्यासाठी काळेपणाची गरज नाही.

जाळीचे पडदे लावले तर?

गाडी उभी असताना हवे ते लावावे. चालत्या गाडीत पुढच्या दारांवर जाळी लावल्यास पोलिस आक्षेप घेतात आणि आरसे दिसण्याचा वर सांगितलेला प्रश्न इथे अधिकच गंभीर होतो.

पकडले गेल्यास दंड किती, आणि फिटनेसवर परिणाम होतो का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा आढळल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जागेवर घ्यायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते. मात्र दंडापेक्षा फिल्म सोलून काढली जाते, हे नुकसान मोठे असते.

पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेसचाही विचार करावा लागतो. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे प्रमाणपत्र दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. गडद फिल्म असेल तर ती तपासणीपूर्वी काढावी लागते आणि तपासणीनंतर नवी लावावी लागते. हा खर्च दर खेपेला करणारे मालक आहेत. त्यांचा हिशेब आम्हाला आजवर समजलेला नाही.

काच फुटली तर विमा कंपनी फिल्मचे पैसे देते का?

सर्वसमावेशक विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, पण नंतर लावलेली फिल्म पॉलिसीत नोंदवलेली नसेल, तर तिची भरपाई सहसा मिळत नाही. पुढच्या काचेला खडीने टवका उडाला असेल, तर तो फिल्म लावण्यापूर्वीच दुरुस्त करावा. फिल्म उष्णता शोषून काच तापवते आणि जुना टवका तडकून पसरण्याचा संभव वाढतो.

फिल्म कोणत्या दिवसांत लावावी आणि नंतर काय काळजी घ्यावी?

फेब्रुवारी-मार्च हा उत्तम काळ आहे. फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवतात आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर काढतात. राहिलेला ओलावा हळूहळू सुकतो. पावसाळ्यात हे सुकणे लांबते, तर मे महिन्यात उडणारी धूळ फिल्मखाली अडकते. काम बंद खोलीत होत असेल तरच उन्हाळ्यात लावावी. लावल्यानंतर निदान तीन-चार दिवस काचा खाली करू नयेत, म्हणजेच गाडी कामावर पाठवायची असेल तर चालकाला हे बजावून सांगावे आणि शक्य असल्यास काचेच्या बटणावर चिकटपट्टी लावावी. सुरुवातीला दिसणारे पाण्याचे धूसर ठिपके आपोआप जातात. कडेला निघालेली फिल्म किंवा आत अडकलेला खडा मात्र तसाच राहतो, तो दुकानातून गाडी बाहेर काढण्यापूर्वीच दाखवावा. पुसण्यासाठी अमोनियायुक्त द्रव वापरू नये. साधे पाणी आणि मऊ कापड पुरते, आणि दारांच्या रबरी पट्ट्यांतील धूळ दर आठवड्याला ब्रशने काढावी.

जुनी, फुगे आलेली फिल्म घरी काढता येईल का?

दाराच्या काचेवरची काढता येते. उन्हात तापलेल्या काचेवर हीट गन किंवा वाफ देऊन एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलावी, म्हणजे गोंद काचेवर कमी राहतो. उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचे धुके घालवणाऱ्या, तारा असतील, तर तिथे ब्लेड मुळीच लावू नये, आणि पुढच्या काचेचे काम कारागिरावरच सोपवावे, कारण गार काचेच्या एकाच ठिकाणी जास्त उष्णता लागल्यास ती तडकू शकते.